स्टिरिओ कोणी बसवला

आमच्या घरात हौस हा शब्द फक्त माझ्या कामासाठी राखून ठेवलेला होता. बाबा शनिवारी ऑफिसचं काम घरी घेऊन बसले की ते करिअर. आईने मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला कोथिंबीर भरलेल्या दीडशे सांबारवड्या करून दिल्या की ती मदत. आणि मी गाडीचा डॅशबोर्ड उघडून, सीटखाली डोकं घालून, मान अवघडेपर्यंत वायरिंग केलं की ती हौस. आज माझी पन्नाशी उलटून गेली, गुडघे कुरकुरतात, माझ्याकडे शिकलेल्या पोरापोरींनी स्वतःची दुकानं काढली, तरी पाहुणे आले की बाबा सांगणार, "हिला लहानपणापासून त्याची हौस हो." पाहुणे माना डोलावतात. मी आतून चहा आणते आणि कप जरा जोरातच ठेवते.

नागपूरहून आम्ही ओहायोत डब्लिनला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांनी घेतलेली पहिली गाडी कोणाची तरी वापरलेली होती आणि आधीच्या मालकाने विकताना तिचा स्टिरिओ काढून घेतला होता. डॅशबोर्डच्या मध्यभागी एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून रंगीत वायरी लोंबत असायच्या. बाबांनी त्या आत ढकलल्या आणि त्या भोकात चष्म्याचं घर, टिश्यूचं पाकीट आणि अथर्वशीर्षाची छोटी पोथी ठेवून दिली. चार वर्षं आमची गाडी मुकी होती. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. गाडी चालवताना आवाज नको, लक्ष उडतं, असं त्यांचं मत. आई त्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत हळू आवाजात भुलाबाईची गाणी म्हणायची, तीही सिग्नल आला की थांबायची. मी मागे बसून त्या भोकाकडे बघत असायचे.

मग बाबांच्या ऑफिसमधल्या एका गोऱ्या मित्राने गाडी बदलली आणि जुन्या गाडीतला स्टिरिओ काढून खोक्यात घालून बाबांना दिला. कॅसेटचा, हिरव्या दिव्यांचा, आणि पुढचा भाग अख्खा निघून हातात यायचा असा. चोराने नेऊ नये म्हणून गाडीतून उतरताना तो चेहराच काढून घ्यायचा, अशी त्यातली गंमत. बाबांनी खोकं गराजमधल्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "कधीतरी दुकानात नेऊन बसवून घेऊ." आमच्याकडे कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे मला पंधराव्या वर्षी पक्कं कळलेलं होतं.

आमचं गराज म्हणजे घराचं दुसरं स्वयंपाकघर. घरात तळण केलं तर कार्पेटला महिनाभर वास राहतो, आणि घरमालकीण भाडं घ्यायला आली की नाक वर करून उभी राहायची. म्हणून आईने गराजच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून त्यावर छोटी शेगडी ठेवली होती. तळण, फोडणीचं वरण, मिरच्यांचा ठेचा, सुक्या बोंबलांचा तर प्रश्नच नाही, सगळं तिथे. गराजचं दार अर्धं वर, आईच्या अंगावर साडीवर बाबांचं जुनं जाकीट, आणि बाजूला गाडी. हिवाळ्यातही आई तिथेच उभी असायची. तिने कधी तक्रार केली नाही, पण झारा ज्या तऱ्हेने कढईवर आपटायची त्यावरून मला तिचा मूड कळायचा.

बाबा दोन दिवस शिकागोला गेले होते तेव्हा मी ते खोकं खाली काढलं. आत एक माहितीपत्रक होतं. पिवळी वायर कायम बॅटरीला, म्हणजे घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल किल्लीला, म्हणजे गाडी बंद की हा बंद. काळी गाडीच्या लोखंडाला. निळी आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या अँप्लिफायरला जागं करायला. अँप्लिफायर नसेल तर तिला तशीच सोडायची. उरलेल्या स्पीकरच्या. मला ते सगळं एकदा वाचून पाठ झालं. शाळेत आमच्या शॉपच्या, म्हणजे हातकामाच्या, क्लासमध्ये सोल्डरिंग शिकवलं होतं, आणि शिक्षकांनी सोल्डरिंग आयर्न घरी न्यायला दिलं. अडचण एकच आली. सांधे जोडले, काळी टेप गुंडाळली, तर ती गराजमधल्या वाफेने सुटायला लागली.

आई तेव्हा भरली कारली तळत होती. मसाला बाहेर येऊ नये म्हणून ती प्रत्येक कारल्याला पांढरा दोरा गुंडाळायची आणि शेवटी एक गाठ मारायची. दोन वेढे, टोक वेढ्यांखालून आत, आणि ओढायचं. ती मला टेपशी झगडताना बघत होती. हात पुसून आली आणि म्हणाली, "इकडे दे. काहून त्या चिकटपट्टीच्या मागे लागून राहिली? उकळत्या तेलात जी गाठ सुटत नाही ती तुझ्या गाडीत काय सुटेल?" तिने मला टेपवरून दोरा गुंडाळायला शिकवलं. त्या दिवसापासून मी बांधलेला प्रत्येक सांधा आईच्या कारल्याच्या गाठीचा. आजही माझ्या दुकानात नवीन मुलगा आला की पहिला आठवडा तो फक्त गाठ शिकतो. कुरकुरतो, मग त्यालाच आवडायला लागते.

पहिल्यांदा आवाज आला तो खरखरीचा, आणि मग एका माणसाचा, जो मक्याचे आणि सोयाबीनचे भाव सांगत होता. आई झारा हातात घेऊन गाडीच्या खिडकीशी उभी राहिली आणि ते भाव शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिला एक अक्षर कळलं नसेल. मला आयुष्यात पुन्हा तेवढा अभिमान फार थोड्या वेळा वाटला आहे. बाबा शिकागोहून आले, गाडीत बसले, हिरवा दिवा बघितला. पहिलं वाक्य, "शॉक लागला असता तर?" दुसरं, "घड्याळ दोन मिनिटं मागे आहे." तिसरं वाक्य मला अजून ऐकायला मिळायचं आहे.

पण तो स्टिरिओ आमच्या घरात रुळला. बाबा गाडीतून उतरताना त्याचा चेहरा काढायचे आणि आईच्या हातात द्यायचे, आणि आईच्या पर्समध्ये तो हळदीकुंकवाच्या डबीशेजारी जाऊन बसायचा. देवळात, किराण्याच्या दुकानात, डेंटिस्टकडे, सगळीकडे तो आमच्याबरोबर यायचा. एकदा डबी उघडली आणि तीन नंबरचं बटण कायमचं लाल झालं. आईच्या भुलाबाईच्या गाण्यांना तिच्या बहिणीने कॅसेटवर भरून पाठवलेल्या नागपूरच्या गाण्यांची साथ मिळाली, आणि आई आता सिग्नललाही थांबेना. बाबा हात पुढे करून आवाज कमी करायचे. थोड्या वेळाने आई खोकला आल्यासारखं करून पुढे वाकायची आणि पुन्हा वाढवायची. ह्या विषयावर दोघं कधीही एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग काका लोकांना पत्ता लागला. आमच्या भागात तेव्हा मराठी घरं थोडीच होती, पण प्रत्येकाच्या गाडीत काहीतरी बिघडलेलं असायचं. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेत गाडी उभी. "अगं मंजिरी, जरा बघतेस का, दोन मिनिटांचं काम आहे." ते दोन मिनिटांचं काम तीन तास चालायचं. काका आत बाबांबरोबर चहा पीत बसायचे आणि माझ्या कानावर बोलणं यायचं, कारण दार उघडंच असायचं. "हुशार आहे हो, पण मुलीच्या जातीला हे हात काळे करणं बरं दिसत नाही. जरा अभ्यासात घाला." म्हणजे बाहेर माझे हात ह्यांच्याच गाडीच्या ग्रीसने काळे होत होते, आणि आत हे माझ्याच बापाला तेच सांगत होते. आणि बाबा काय म्हणायचे? बाबा म्हणायचे, "हौस आहे, जाईल." एकाही काकाने मला आत बोलावून चहा विचारला नाही. आई बाहेर येऊन कप माझ्याजवळ बॉनेटवर ठेवायची आणि आत जायची.

गावाबाहेर अर्ल नावाच्या म्हाताऱ्याचं कार स्टिरिओचं दुकान होतं. एका काकांच्या गाडीला लागणारा जोड मिळेना म्हणून मी तिथे गेले, नमुन्याला आमच्याच गाडीतलं थोडं वायरिंग काढून नेलं होतं. अर्लने ते हातात घेतलं, चष्मा लावला, दोऱ्याची गाठ नखाने उचकटून बघितली. ती निघेना. त्याने विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "मी." एवढंच. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही की शंका घेतली नाही. मे महिन्यात शाळा संपली की उन्हाळाभर काम करशील का, म्हणाला, आणि एक फॉर्म दिला. मी सोळाची झाले होते पण शाळेत होते, त्यामुळे पालकाची सही लागत होती. मी तो फॉर्म बाबांना दिला. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि फ्रीजवर ठेवला. "बघू," म्हणाले. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, बर्फ पडायला लागला. फॉर्म फ्रीजवरच. मी रोज दूध काढताना वर बघायचे. मला सगळ्या जगात त्या एका सहीखेरीज काही नको होतं.

डिसेंबरात परांजपे काकांनी त्यांची नवी व्हॅन आणली. ते मंडळाचे अध्यक्ष, पुण्याचे, आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांना सुटीत फ्लोरिडाला जायचं होतं आणि चांगला स्टिरिओ हवा होता. त्यांचा नचिकेत माझ्याच वर्गात, इंजिनिअरिंगला जाणार हे तो जन्मायच्या आधी ठरलेलं. मी काम करत होते तेव्हा तो शेजारी उभा राहून चिप्स खात होता. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या मीटिंगला काका सगळ्यांना व्हॅनपाशी घेऊन गेले, बटणं दाबून दाखवली आणि म्हणाले, "आमच्या नचिकेतनं बसवला. एका दुपारात." मी तिथे उभी होते. नचिकेत बुटाकडे बघत होता. मी बाबांकडे बघितलं. बाबा हसले आणि म्हणाले, "वा, छान." घरी येताना मी विचारलं, तर म्हणाले, "जाऊ दे. आपल्याला माहीत आहे ना, झालं तर मग."

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळ दर वर्षी एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये करायचं, मीटिंगाही तिथेच व्हायच्या. त्या दिवशी बाहेर एवढी थंडी होती की नाकातला श्वास टोचत होता, आणि आत पन्नास काळ्या साड्या, गुळाच्या पोळ्यांचा वास, लहान बाळांच्या गळ्यात हलव्याचे दागिने. आईने मला तिची काळी चंद्रकळा नेसवली होती. प्रत्येक जण प्रत्येकाच्या तळहातावर तीळगूळ ठेवत होता आणि गोड बोला म्हणत होता. तीन तास असं गोड बोलून झाल्यावर सगळे बाहेर पडले, तर परांजप्यांची व्हॅन चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. व्हॅन बरोबर फाटकाच्या तोंडाशी उभी होती, अध्यक्ष म्हणून सगळ्यांत शेवटी येऊन सगळ्यांत सोयीच्या जागी लावलेली, त्यामुळे कोणाचीच गाडी बाहेर निघेना. बायका रेशमी साड्यांत, हातात वाणाच्या डब्या घेऊन कुडकुडत उभ्या राहिल्या.

काका किल्ली नचिकेतकडे देऊन खाली उतरले. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि त्यांच्या त्या माइक न लागणाऱ्या आवाजात म्हणाले, "हिनं बसवला ना तो स्टिरिओ, तेव्हापासून ही कटकट आहे. काल घरीसुद्धा चालू व्हायला त्रास देत होती. पोरीच्या हातात वायरिंग दिलं, माझंच चुकलं."

म्हणजे चालत होता तेव्हा नचिकेतने बसवला, आणि गाडी बंद पडली तेव्हा मी बसवला. आपल्याकडे म्हणतात, चित भी मेरी पट भी मेरी. मला वाटलं, आता तरी कोणी हसेल. कोणाच्या तरी लक्षात येईल की महिन्यापूर्वी ह्याच माणसाने ह्याच पार्किंगमध्ये काय सांगितलं होतं. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं. बोललं कोणी नाही. आणि मग बाबा पुढे झाले. मला वाटलं, आता बाबा विचारतील, काय झालं, उघडून बघूया. बाबांनी हात जोडले. माझ्या बाबांनी, ज्यांना कंपनीत मशिनचा एक स्क्रू ढिला असला तरी खपत नाही, त्यांनी गाडीचं झाकणसुद्धा न उघडता हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा परांजपे. लहान आहे, चूक झाली तिची. यापुढे ती कोणाच्या गाडीला हात लावणार नाही, मी शब्द देतो."

माझ्या हातांचा शब्द त्यांनी दिला. मला न विचारता. मला फ्रीजवरचा तो फॉर्म डोळ्यांसमोर दिसला आणि अंगातली थंडी एका क्षणात गेली. मी म्हटलं, "मी चूक केलेली नाही. व्हॅन उघडा."

"मंजिरी, पुरे," बाबा म्हणाले.

मी नचिकेतच्या हातातून किल्ली घेतली. त्याने ती खाली बघत दिली, गडबड त्याचीच आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मागचं दार उघडलं तर सीटमागे एक मोठा स्पीकरचा डबा आणि त्याला स्क्रूने बसवलेला अँप्लिफायर. तो मी बसवलेला नव्हता. मी त्याच्यावर हात ठेवला. तीन तास ओहायोच्या जानेवारीत उभी असलेली गाडी, सीट बर्फासारखी, आणि हा कोमट. किल्ली बंद असतानाही जागा राहून दिवसरात्र बॅटरी पीत बसला होता. स्टिरिओ बाहेर ओढायच्या दोन चपट्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये नेहमी असायच्या. पदर खोचला, पुढच्या सीटवर गुडघे टेकले आणि स्टिरिओ बाहेर ओढला. तळघराच्या पायऱ्यांवरून आई आली. तिने कोणाची तरी टॉर्च घेतली आणि माझ्या खांद्यावरून उजेड धरला.

मागे माझे नऊ सांधे होते, नऊ पांढऱ्या गाठी, ओळीने. आणि त्यांच्यातून निळी वायर ओढून पिवळीला पिळून जोडलेली, वरून घरातली पारदर्शक सेलोटेप. निळीने अँप्लिफायरला जागं करायचं असतं. ती पिवळीला जोडली की तो कधीच झोपत नाही. शाळेतल्या पोराला कळावं एवढं सोपं. मी सगळ्यांना सांगितलं. आई सरळ उभी राहिली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "पाहा बाप्पा तुम्हीच. दोऱ्याच्या गाठी माझ्या पोरीच्या आहेत, कारलं बांधणाऱ्या बाईला ओळखू येतील. ती चिकटपट्टी कोणाची आहे ते ज्याचं त्यानं सांगावं."

नचिकेत पुटपुटला, "आय डिडन्ट नो, ओके?" त्याच्या आईने डोक्यावरून शाल ओढून घेतली. मी तो सांधा सोडवला, आमच्या गाडीवरून केबल लावून व्हॅन चालू केली, एका झटक्यात झाली. मी थांबले. मला काही मोठं नको होतं. चुकलं पोरी, एवढं पुरलं असतं, ते काकांनी म्हटलं असतं तरी आणि बाबांनी म्हटलं असतं तरी. काकांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "असो. झाली ना चालू? आजच्या दिवशी कशाला कडू बोलायचं. घे, तीळगूळ घे, गोड बोल."

मी तीळगूळ घेतला नाही. हात तसेच ठेवले. मागे कोणीतरी बाई "अगंबाई" म्हणाली. पुडी हवेत राहिली आणि मग काकांनी ती परत खिशात घातली.

बाबांनी गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाले, "तीळगूळ नाकारलास." मला खरंच वाटलं की मी चुकीचं ऐकलं. एवढं सगळं झालं, त्यातलं ह्या माणसाला हे एक दिसलं. "सगळ्यांसमोर उघडून दाखवायची काय गरज होती? घरी सांगता आलं असतं. माणसं जोडायला वर्षं लागतात इथे." मी म्हटलं, "आणि माझ्या नावाने माफी सगळ्यांसमोर मागितलीत ते?" आईने पर्समधून स्टिरिओचा चेहरा काढला, बसवला, आणि कॅसेट लावली. बाबांचा हात आवाज कमी करायला पुढे आला. आईने स्वतःचा हात त्या बटणावर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गराजचं दार अर्धं वर होतं. आई कढईपुढे उभी होती, आणि फ्रीजवरचा फॉर्म शेगडीशेजारी टेबलावर, वर लाटणं ठेवलेलं. तिने विचारलं, "सही कुठे करायची ते दाखव." मी दाखवलं. इथे सांगायला हवं, माझ्या आईने अमेरिकेत तोपर्यंत एकाही कागदावर सही केलेली नव्हती. बँक, शाळा, घर, डॉक्टर, सगळीकडे बाबा. तिने बेसनाचे हात जाकिटाला पुसले आणि देवनागरीत, शाळेतल्या कित्त्यासारखं, पूर्ण नाव लिहिलं, आधी सौ. घालून. बाबा मागे दारात येऊन उभे होते, आम्हाला कळलं नव्हतं. ते म्हणाले, "मी परांजप्यांना शब्द दिलाय. आणि ही सही इथे चालणार नाही."

"चालते की नाही ते त्यांना ठरवू द्या," आई कढईकडे वळत म्हणाली. "आणि शब्द तुमचा होता, हात तिचे आहेत. ज्यानं उघडून पाह्यलं नाही त्यानं सही नाही केली तरी चालते."

चालली. अर्लने फॉर्म उलटसुलट करून बघितला, हे काय लिहिलंय म्हणून विचारलं, मी आईचं नाव वाचून दाखवलं. त्याने ते एकदा म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि फॉर्म फाईलला लावला. मे महिन्यात मी कामाला लागले. परांजपे काका पुढच्या वर्षी पुन्हा गाडी घेऊन आले होते, दोन मिनिटांच्या कामासाठी. आईने त्यांना दुकानाचा पत्ता दिला.

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात, सगळं लख्ख आठवतं त्यांना. हल्लीच्या गाड्यांत टीव्हीएवढा पडदा कंपनीतूनच येतो, माझी गाडी मात्र जुनी आहे आणि तिच्यात स्टिरिओ मी बसवलेला. गेल्या संक्रांतीला त्यांना घेऊन देवळात चालले होते. कुठून आलं कोण जाणे, पण इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाबा, त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटलं होतं का, की चूक माझी आहे?"

बाबा समोर बघत म्हणाले, "छे. परांजपे बोलले तेव्हाच मला माहीत होतं. तुझं काम मी बघत नव्हतो का? रोज त्याच गाडीत बसत होतो."

एवढी वर्षं मी समजत होते की त्यांनी उघडून बघितलं नाही म्हणून त्यांना कळलं नाही. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "मग बोलला का नाहीत?"

"सगळे होते ना तिथे," बाबा म्हणाले.

"सगळे होते, म्हणूनच तर बोलायचं होतं, बाबा."

मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. बाबांनी सवयीने हात पुढे केला आणि स्टिरिओचा आवाज कमी केला. मी तो परत होता तेवढा केला.